गोड खाल्ल्यावर साखर उतरते तेव्हा : एका तक्रारीचा शंभर वर्षांचा इतिहास

जेवून दोन-तीन तास झाले की काही माणसांना एकाएकी दरदरून घाम फुटतो. हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि समोर दिसेल ते खावंसं वाटतं. काहीतरी गोड तोंडात टाकलं की थोड्या वेळात सगळं शांत. मधुमेहाची तपासणी करावी तर रिपोर्ट नॉर्मल. मग घरोघर आपापली निदानं सुरू होतात. कुणी म्हणतं अशक्तपणा, कुणी पित्त, कुणी नजर लागली. तक्रार करणारी बाई असेल तर ‘तू फार टेन्शन घेतेस’ हे ठरलेलं उत्तर.

मधुमेह नसताना, खाल्ल्यानंतर रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरण्याला वैद्यकात ‘रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया’ म्हणतात. त्याचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. या शंभर वर्षांत ही तक्रार आधी सापडली, मग तिची फॅशन झाली, आणि फॅशनचा राग म्हणून ती जवळपास नाकारली गेली. रुग्णाच्या म्हणण्यावर किती विश्वास ठेवायचा आणि ते तपासायचं कसं, हा त्यातला खरा वाद.

सुरुवात कॅनडातल्या टोरांटो शहरात होते. जानेवारी १९२२ मध्ये तिथल्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मधुमेही मुलाला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप या चौघांच्या कामातून आलेलं हे औषध लाखो लोकांना जीवदान देणारं ठरलं. पण त्याच काळात प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसत होती. इन्शुलिन जास्त झालेले ससे आधी भुकेने कासावीस होत, मग त्यांना झटके येत. ग्लुकोज टोचलं की ते पुन्हा उठून बसत. माणसांतही मात्रा जास्त झाली की घाम, थरथर, घबराट, गोंधळ ही लक्षणं दिसू लागली. साखर वाढण्याचा आजार जगाला हजारो वर्षं माहीत होता. साखर उतरल्यावर शरीराचं काय होतं, हे मात्र इन्शुलिन हातात आल्यावर स्पष्ट झालं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात सील हॅरिस नावाचे डॉक्टर होते. इन्शुलिनचा डोस जास्त झाल्यावर होणारे त्रास त्यांनी ओळखले आणि त्यांच्या लक्षात आलं, की असेच त्रास सांगणारी माणसं आपल्याकडे येतात. पण ती मधुमेही नाहीत आणि इन्शुलिन घेत नाहीत. मग त्यांचं स्वतःचं स्वादुपिंडच जास्त इन्शुलिन सोडत असेल का? १९२४ मध्ये त्यांनी हा विचार अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडला आणि या स्थितीला ‘हायपरइन्शुलिनिझम’ असं नाव दिलं. साखर आणि गोड पदार्थ कमी करा, थोडं-थोडं आणि वेळेवर खा, हा त्यांचा उपचार. साखर उतरते म्हणून साखर बंद करायची, हे तेव्हाही लोकांना उलटं वाटलं असेल. आजही वाटतं.

तीनच वर्षांनी कल्पनेला पुरावा मिळाला, पण तो वेगळ्याच आजाराचा. १९२७ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. रुग्ण स्वतः शल्यचिकित्सक होता आणि त्याच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयार करणारी कर्करोगाची गाठ निघाली. १९२९ मध्ये टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशीच एक गाठ काढून रुग्ण बरा केला. शरीर गरजेपेक्षा जास्त इन्शुलिन बनवू शकतं, हे सिद्ध झालं. पण अशा गाठी फार दुर्मीळ असतात. शस्त्रक्रियेच्या यशाने उत्साह वाढला आणि गाठ नसलेल्यांचीही पोटं उघडली जाण्याची भीती निर्माण झाली.

म्हणून १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी तीन अटी घातल्या. लक्षणं हवीत, ती असतानाच रक्तातली साखर कमी निघायला हवी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जायला हवीत. ‘व्हिपल त्रयी’ म्हणून ही कसोटी आजही वापरली जाते. तिचं मोल असं, की ती रुग्णाला खोटं पाडत नाही आणि नुसत्या त्याच्या शब्दावर निदानही ठरवत नाही.

आहाराच्या बाजूने महत्त्वाचं काम मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉन यांनी केलं. १९३६ मध्ये त्यांनी या रुग्णांसाठी जास्त प्रथिनांचा आहार सुचवला. तर्क सोपा होता. साखर आणि स्टार्च झपाट्याने पचून रक्तात उतरतात, त्यांच्या मागोमाग इन्शुलिनची लाट येते आणि लाट ओसरेपर्यंत साखर खाली गेलेली असते. प्रथिनांपासून शरीर ग्लुकोज बनवतं, पण सावकाश. चढच उंच नसेल तर उतारही खोल जात नाही. १९५६ मध्ये कॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक धोक्याची सूचना दिली : जेवणानंतर काही तासांनी साखर उतरणं ही काहींच्या बाबतीत पुढे येणाऱ्या मधुमेहाची चाहूल असते. कारण त्यांचं इन्शुलिन उशिरा सुटतं आणि मग गरजेपेक्षा जास्त सुटतं.

इथून पुढे गाडी रुळावरून घसरली. १९५१ मध्ये ‘बॉडी, माइंड अँड शुगर’ हे पुस्तक अमेरिकेत आलं आणि थकवा, उदासी, चिडचिड अशा कितीतरी तक्रारींचं खापर उतरलेल्या साखरेवर फुटू लागलं. ग्लुकोज पाजून पाच तास रक्त तपासायचं आणि आकडा जरा खाली दिसला की निदान करायचं, अशी पद्धत पडली. शेवटी १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह, अंतःस्रावशास्त्र आणि वैद्यकीय संघटनांना संयुक्त निवेदन काढून सांगावं लागलं, की हा आजार लोक समजतात तितका सार्वत्रिक नाही. ती चाचणीही पुढे भरवशाची ठरली नाही. नुसतं ग्लुकोज प्यायल्यावर कसलाही त्रास नसलेल्या काही निरोगी माणसांची साखरही खूप उतरते, हे दिसून आलं. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी रुग्णांना त्रास होत असतानाच, घरच्या घरी, बोटाच्या रक्ताचे नमुने घेतले. फार थोड्या नमुन्यांत साखर खरोखर कमी होती.

या निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. एक, ‘बघा, सगळं मनाचं आहे.’ बऱ्याच दवाखान्यांनी हाच सोयीचा अर्थ उचलला. दुसरा असा, की त्रास खरा आहे, पण प्रत्येक वेळी कारण साखर नसतं, तेव्हा कारण शोधत राहा. मला दुसरा अर्थच न्याय्य वाटतो. थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाची अनियमित गती, घबराटीचा आजार, सगळ्यांत घाम आणि धडधड असू शकते. २००९ च्या एंडोक्राइन सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनाही व्हिपल यांच्या तीन अटींवरच उभ्या आहेत. मधुमेह नसलेल्या माणसात त्रासाच्या वेळी साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पुढच्या तपासण्या कराव्यात आणि जेवणानंतरच्या त्रासाची चाचणी ग्लुकोजच्या पाण्याने नव्हे, नेहमीच्या मिश्र जेवणाने घ्यावी, असं त्या सांगतात. वजन कमी करण्यासाठी जठराचं ऑपरेशन झालेल्यांपैकी काहींत हा त्रास खरोखर आढळतो, हेही याच शतकात नीट नोंदलं गेलं.

हा इतिहास आपल्या दस्तरखानाशीही येऊन भिडतो. रोजाने साखर उतरते, अशी आपली समजूत. पण निरोगी माणसाचं यकृत उपाशीपोटी तासन्‌तास साखर पुरवत राहतं. रिअ‍ॅक्टिव्ह प्रकारचा त्रास उपाशीपोटी होत नाही, खाल्ल्यावर होतो. म्हणजे तो मगरिबला नव्हे, तर तरावीहच्या सुमारास येण्याची शक्यता जास्त. रिकाम्या पोटी मोठा ग्लास शरबत, वर भजी, फळांवर साखर, शेवटी फिरनी, ही त्या उंच चढाची सगळी तयारी. एखाद-दुसऱ्या खजुराने आणि पाण्याने रोजा सोडून, मग हरभरे, अंडी, मासळी किंवा मटण, डाळ, भाजी आणि भाकरी असं जेवण घेतलं तर तीच इफ्तार सौम्य होते. सहरीतही चहा-पावाऐवजी अंडी, दही, डाळ हवी. एरवीच्या दिवसांत तीन-चार तासांनी थोडं खावं, रसापेक्षा अख्खं फळ घ्यावं आणि गोड खायचंच तर जेवणाच्या शेवटी, बेताने. त्रास सुरू झालाच तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पण तिथे न थांबता पाठोपाठ प्रथिनं असलेलं काही खावं. नाहीतर तीच साखर पुढच्या उताराची सुरुवात ठरते.

एक गोष्ट मात्र घरगुती उपायांवर सोडू नये. त्रास पहाटे, उपाशीपोटी किंवा रोजाच्या मध्यावर होत असेल, बोलण्यात गोंधळ होत असेल, शुद्ध हरपत असेल, तर तो वेगळा प्रकार आहे. त्यात वाइल्डर आणि ग्रॅहम यांना सापडली तशी गाठही असू शकते. अशा वेळी लगेच साखर द्यावी, शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. ती नाकारून कुणाला रेटण्यात धर्म नाही.

ग्लुकोमीटर आज मेडिकलच्या दुकानात मिळतो. घरातली बाई ‘मला काहीतरी होतंय’ म्हणते तेव्हा नजर उतरवण्याआधी किंवा तिला टेन्शनचं लेबल लावण्याआधी त्याच क्षणी तिची साखर मोजावी. वेळ, आकडा आणि आधी काय खाल्लं ते वहीत लिहावं. अशा आठवडाभराच्या नोंदी घेऊन ती डॉक्टरसमोर बसली, तर तिला मोघम उत्तर देऊन परत पाठवणं अवघड जाईल.