साठ हजारांतले एक चित्र

संपादकांचे पत्र आले ते ऐन श्रावणात. दिवाळी अंकासाठी दादासाहेब फाळक्यांवर लेख हवा, आणि सोबत ‘राजा हरिश्चंद्र’मधले एक चित्र हवे, ‘पण नेहमीचे नको’ अशी खाली पुस्ती. लेखाचे मला भय वाटले नाही. फाळके त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले, पहिला चित्रपट मुंबईत गाजवून १९१३ सालीच आपला सारा संसार नि कारखाना घेऊन नाशकास आले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी याच गावात वारले. इतके तर आमच्याकडची शाळकरी मुलेही सांगतात. घाबरलो तो चित्राला. त्याचे कारण असे की, पंधरा वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत मी असेच एक चित्र छापले होते नि त्याखाली ठणठणीतपणे ‘१९१३’ असे लिहिले होते. ते साल कशावरून लिहिले, असे त्या वेळी कुणी विचारले असते तर मला उत्तर देता आले नसते. कुणी विचारले नाही, हे माझे नशीब.

चित्रपटातले चित्र म्हणून जे आपण पाहतो त्याचे मुळात दोन प्रकार. पुष्कळदा प्रसंग संपल्यावर नटांना पुन्हा उभे करून साध्या कॅमेऱ्याने छायाचित्र घेतात. ते जाहिरातीला, पुस्तकाला चालते. देखणे असते, पण थिएटरात बसलेल्या माणसाने ते कधीच पाहिलेले नसते. दुसरे चित्र म्हणजे खुद्द फिल्मच्या पट्टीवरची चौकट, ज्याला आपण फ्रेम म्हणतो. मला ही दुसरी हवी होती.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा फ्रेमा बसतात, तेव्हा हिशेब झाला ५९,२०० चित्रांचा. कॅमेरा हाताने फिरवायचा; सेकंदाला दोन फेरे आणि फेऱ्याला आठ चित्रे, हा तेव्हाचा रिवाज. म्हणजे सेकंदाला एक फूट, आणि सारा चित्रपट तासाभराचा. विलायतेहून येणारी फिल्म कोरी असे, तिला कडेची भोके पाडावी लागत. एका फ्रेमला एका बाजूस चार. ५९,२०० फ्रेमांची एकाच बाजूची भोके २,३६,८०० होतात, आणि हे एका प्रतीचे झाले. भोके पाडण्याचे यंत्र होते खरे, पण काम अंधारात करायचे. घरातल्या माणसांचे जेवणखाण उरकून हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्या बाईंचे नाव कुठल्या ओळीत घालावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याआधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपावर एक प्रयोग केला होता. कुंडीतल्या अंकुराचे थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र घ्यायचे, असे कित्येक दिवस. मग ती चित्रे ओळीने पडद्यावर सोडली की मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल झाला, सारे पाहता पाहता. पैसे घालणाऱ्या माणसाचा विश्वास बसला तो या रोपावरून. सुट्या चित्रांतून हालचाल उभी करण्याचा तो खेळ होता. मला त्याच्या नेमके उलट करायचे होते, हालचालीतून एक सुटे चित्र काढायचे होते.

हे काम माझ्या भाच्याने हाती घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी काही रिळे उरली आहेत ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली; १९६४ साली ही संस्था निघाली नसती तर तीही राहिली नसती. उरली आहेत ती पहिले नि शेवटचे, अशी दोन. त्यांची संगणकावरची एक प्रत आमच्यापाशी होती. मी आपला चित्र चालू करून हवे तिथे थांबवून पडद्याचा फोटो घ्यायच्या तयारीत. भाचा म्हणाला, ‘मामा, तो फोटो तुमच्या पडद्याचा होईल, फाळक्यांच्या फ्रेमचा नाही.’ आणि त्याने एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्र, ना बटण. नुसती आज्ञा टंकायची. एफएफएमपेग नावाचे हे हत्यार फॅब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केले; ते फुकट मिळते. त्याला सांगायचे एवढेच: अमुक फाइल घे, अमुक मिनिट-सेकंदावर जा, एक फ्रेम काढ, आणि ती पीएनजी जातीत ठेव, म्हणजे साठवताना चित्राचा कण गळत नाही.

सोपे वाटले, पण त्यात खोच आहे. अशा फाइलीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेले नसतेच. मधूनमधून एखादे पूर्ण, आणि बाकीच्यांत फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदलले’ एवढीच नोंद. वाण्याच्या वहीत महिन्याची बाकी एकदा लिहून पुढे रोजची देवघेव मांडतात, तसेच. मधले चित्र हवे तर मागच्या बाकीपासून बेरीज-वजाबाकी करीत यावे लागते. वेळेचा आकडा आज्ञेत फाइलीच्या नावाआधी घातला तर यंत्र जवळच्या पूर्ण चित्रावर उडी मारून तिथून हिशेब करते. नावानंतर घातला तर बिचारे पहिल्या पानापासून वही वाचत येते. चित्र तेच मिळते, पण तोवर चहा निवतो.

आम्ही राणीच्या मैत्रिणी पाण्यात उतरल्याचा तो प्रसिद्ध प्रसंग निवडला. त्या साऱ्या जणी पुरुष. फाळक्यांना बायका मिळेनात. तारामती झाली ती हॉटेलात स्वयंपाकाला असलेल्या अण्णा साळुंक्यांची. त्यांनीच पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. चित्र हलत असता डोळा फसतो. थांबले की ओल्या पदराखालचे रुंद खांदे लगेच उघडे पडतात.

तेवढ्या दहा सेकंदांच्या सगळ्या फ्रेमा काढल्या तर निघाल्या अडीचशे. मूळ सोळाच्या हिशेबाने असायला हव्यात एकशेसाठ. उरलेल्या नव्वद कुठून आल्या? फाइल सेकंदाला पंचवीस चित्रांची, तेव्हा भर घालण्यासाठी काही चित्रे दोनदा ठेवलेली, आणि काही तर दोन शेजारच्या फ्रेमा एकमेकींत मिसळून बनवलेली! एका चित्रात एका ‘मैत्रिणी’ला चार हात. एखाद्या उत्साही माणसाने हे छापून खाली फाळक्यांच्या युक्तिछायाचित्रणाची थोरवी गायली असती. ते चित्र फाळक्यांच्या कॅमेऱ्याने कधी पाहिलेच नव्हते. सारख्या दिसणाऱ्या फ्रेमा गाळण्याची सोय त्या हत्यारात आहे, पण मिसळलेल्या तिला कळत नाहीत. त्या मी भिंगाने, एकेक, दोन संध्याकाळी बसून वगळल्या.

चित्र मिळाले. आता साल. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपियात निमंत्रितांना दाखवला आणि ३ मे रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला, यात शंका नाही. पण १९१७ मध्ये फाळक्यांनी तोच चित्रपट पुन्हा काढला, आणि उरलेली रिळे या दुसऱ्या खेपेची आहेत, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. तसे असेल तर शेकडो पुस्तकांत, कॅलेंडरांत, माझ्या त्या स्मरणिकेतसुद्धा, आपण नाशकातले चित्र मुंबईचे म्हणून छापत आलो. मला याचे दुःख होण्याऐवजी थोडा आनंदच झाला, हे कबूल करतो, नाशिककराची खोड. पण आनंदावर साल लिहिता येत नाही. भाचा म्हणाला, ‘मामा, सालच गाळा ना, कोण बघतंय?’ पंधरा वर्षांपूर्वी मीही असेच म्हणालो असतो.

चित्राखाली आम्ही असे लिहून पाठवले: ‘“राजा हरिश्चंद्र”, उपलब्ध प्रतीतील फ्रेम, बहुधा १९१७.’ संपादकांचे उलट उत्तर आले की, ‘बहुधा’ शोभत नाही, काढू का? मी त्यांना तार केल्यासारखा दोन शब्दांचा निरोप पाठवला: काढू नका.