ओसाड म्हटलेल्या भूमीतील माणसे

अणुबॉम्बच्या पहिल्या चाचणीचा विषय निघाला की मराठी वाचकाला हटकून ओपेनहायमर आणि त्याने सांगितलेली भगवद्गीतेची आठवण स्मरते. ज्या भूमीवर तो स्फोट झाला, त्या न्यू मेक्सिको राज्याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. 'ओसाड वाळवंट' एवढीच तिची ओळख. या राज्याच्या आधुनिक इतिहासाचे टप्पे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, तेथे माणसे होतीच. प्रश्न होता तो त्यांना जमेस धरण्याचा.

१८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने हा प्रदेश मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. १८५० मध्ये त्याला 'टेरिटरी'चा, म्हणजे केंद्राच्या अमलाखालील प्रदेशाचा, दर्जा मिळाला. पूर्ण राज्य होण्यास ६ जानेवारी १९१२ उजाडावे लागले. बहुसंख्य प्रजा स्पॅनिश भाषक आणि कॅथलिक असल्याने ती 'पुरेशी अमेरिकी' नाही, हा वॉशिंग्टनमधील संशय या विलंबाचे एक मोठे कारण होते. म्हणूनच नव्या राज्याच्या घटनेने स्पॅनिश भाषकांच्या मतदानाच्या व शिक्षणाच्या हक्कांना खास संरक्षण दिले. त्याच घटनेने 'कर न भरणाऱ्या इंडियनां'ना मात्र मतदानातून वगळले!

१९२४ मध्ये सर्व मूलनिवासींना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, तरी ही बंदी टिकून राहिली. इस्लेटा प्वेब्लोचे मिगेल ट्रुहियो हे शिक्षक दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात होते. १९४८ मध्ये त्यांची मतदार-नोंदणी नाकारली गेली, तेव्हा ते न्यायालयात गेले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि बंदी उठली.

भूमीची कथाही अशीच. ताओस प्वेब्लोचे पवित्र 'ब्लू लेक' सरकारने १९०६ मध्ये राष्ट्रीय वनात समाविष्ट केले. ते सरोवर आणि भोवतालची सुमारे ४८,००० एकर जमीन परत मिळण्यास डिसेंबर १९७० उजाडला. त्यासाठी साठांहून अधिक वर्षे लढावे लागले.

आता पुन्हा त्या स्फोटाकडे वळू. १६ जुलै १९४५ च्या पहाटे 'ट्रिनिटी' चाचणी झाली, तेव्हा काही कुरणवस्त्या अवघ्या वीसएक किलोमीटरवर होत्या. त्यांना पूर्वसूचना नव्हती. दारूगोळ्याचे कोठार उडाल्याचे लष्कराने जाहीर केले. छपरांवरून साठवलेले पावसाचे पाणी लोक पीत राहिले. योगायोग असा की, १६ जुलै १९७९ रोजीच चर्च रॉक येथील युरेनियम गिरणीचा बंधारा फुटला आणि सुमारे ३५ कोटी लिटर किरणोत्सारी सांडपाणी प्वेर्को नदीतून नवाहो वस्त्यांकडे वाहिले.

किरणोत्साराने बाधित झालेल्यांच्या भरपाईचा कायदा १९९० मध्ये झाला. नेवाडातील चाचण्यांच्या परिसरातले रहिवासी त्यात आले, ट्रिनिटीच्या परिसरातले आले नाहीत. जुलै २०२५ मधील दुरुस्तीने त्यांचा समावेश झाला. चाचणीला तेव्हा ऐंशी वर्षे होत आली होती आणि त्या पहाटेचे कित्येक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते.

एखाद्या भूमीला 'ओसाड' म्हणणे हे केवळ वर्णन नसते. तो एक निर्णय असतो. न्यू मेक्सिकोत तो निर्णय फिरवण्याचे काम पुन्हा पुन्हा तिथल्या माणसांनाच करावे लागले. त्या राज्याच्या इतिहासातील खरे टप्पे म्हणायचे, तर ते हेच.