कॅमेरूनची कांडी

दुकानाच्या गल्ल्याशेजारी, काचेच्या बरणीत, लाल फितीने बांधलेल्या हिरव्या कांड्या. लकी बांबू म्हणून घरोघरी पोचलेलं हे झाड मुळात बांबू नाही. बांबू गवताच्या कुळातला. हे ड्रॅसिना सँडेरियाना, शतावरीच्या कुळातलं. माहेर कॅमेरूनकडच्या पावसाळी जंगलात. मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत ते वाढतं.

'सँडेरियाना' हे नाव आलं फ्रेडरिक सँडर यांच्यावरून. जर्मनीत १८४७ साली जन्मलेल्या सँडर यांनी इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सला रोपवाटिकेचा मोठा धंदा उभारला होता. ऑर्किडच्या शोधात त्यांची माणसं जगभरची जंगलं पालथी घालत. १८९०च्या दशकात हे झाड युरोपच्या बागकामात रुजलं ते पांढऱ्या काठाच्या देखण्या पानांमुळे, आणि तेही मातीच्या कुंडीत.

पाण्यातली कांडी ही पुढची गोष्ट. तैवान आणि दक्षिण चीनमधल्या शेतकऱ्यांनी हिरव्या पानांचा वाण लावला आणि त्याला चिनी नाव मिळालं फूग्वेईचू, म्हणजे धन-प्रतिष्ठेचा बांबू. जुडीत चार कांड्या सहसा ठेवत नाहीत, कारण चिनीत 'चार' आणि 'मृत्यू' हे शब्द कानाला जवळपास सारखेच लागतात. कांडीला पीळ पडतो तो उजेडामुळे: एकाच बाजूने उजेड द्यायचा, शेंडा तिकडे वळला की झाड थोडं फिरवायचं, असं महिनोन्‌महिने.

मागणी वाढली तशी या कांड्या पाण्यात उभ्या करून जहाजाने जाऊ लागल्या. त्या पाण्यातून २००१ साली डेंगी पसरवू शकणारा एडिस अल्बोपिक्टस डास कॅलिफोर्नियात पोचला. साचलेल्या पाण्यातून रोपं आणण्यावर अमेरिकेने तेव्हा बंदी घातली. घरातल्या बरणीचं पाणी आठवड्याला बदलायचं, ते डासांसाठीही.

झाड आजारी पडतं तेव्हा हाच इतिहास उपयोगी पडतो. सावलीतलं झाड खिडकीच्या कडक उन्हात करपतं. पानांची टोकं तपकिरी होतात ती बहुधा नळाच्या पाण्यातल्या क्लोरीन-फ्लोराइडमुळे. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बरंच उडून जातं, फ्लोराइड मात्र राहतं. त्यासाठी पावसाचं किंवा आरओचं पाणी बरं. खताचा मारा केला तरीही पानं पिवळी पडतात.

पिवळी पडलेली कांडी पुन्हा हिरवी होत नाही. हाताला मऊ, बुळबुळीत लागली आणि पाण्याला वास येऊ लागला, की फीत सोडून ती आधी बाहेर काढावी, नाहीतर शेजारच्याही कुजतात. बरणी आणि खडे धुऊन घ्यावेत. कुजणं खालच्या टोकापुरतंच असेल, तर वरचा घट्ट, हिरवा भाग स्वच्छ सुरीने पेराच्या खाली कापून ताज्या पाण्यात उभा करावा. काही आठवड्यांत त्या पेरापाशी केशरी-लाल मुळं दिसू लागतात. हा त्यांचा निरोगी रंग. मुळं बोटभर झाली की कांडी मातीच्या कुंडीतही लावता येते.