तीन तलाव, एक वाट : खोपोलीच्या विजेचा इतिहास

१/ चौक गावातून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालात, की बोरघाटाच्या पायथ्याशी डोंगरउतारावरून खाली झेपावणाऱ्या जाडजूड नळवाहिन्या दिसतात. त्यांच्यामागे शंभर वर्षांहून जुना प्रश्न दडलेला आहे : अनेक साठे एकाच यंत्रणेवर चालवावेत का? #थ्रेड

२/ हाच प्रश्न आज डेटा सेंटरमधील अभियंत्यांना पडतो. एकाच सर्व्हरसंचावर दोन-तीन स्वतंत्र स्टोरेज क्लस्टर चालवले, तर यंत्रे रिकामी राहत नाहीत आणि खर्च वाचतो. परंतु सामायिक यंत्र बंद पडले, तर सारेच क्लस्टर एकदम संकटात येतात. खोपोलीत हे कोडे पाण्याच्या रूपात उभे होते.

३/ घाटमाथ्यावरील पावसापासून वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. मात्र १९०४ साली त्यांचे निधन झाले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. अडचण उघड होती : पाऊस चार महिन्यांचा, मुंबईच्या गिरण्या बारमाही.

४/ म्हणून लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तीन तलाव बांधले गेले. शिरवत्याचे पाणी बोगद्यातून वळवणला येते. लोणावळा व वळवण येथील पाणी कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यावरील हौदात मिळते. तेथून ते नळांतून ५०० मीटरहून अधिक खाली, खोपोलीच्या वीजगृहात उतरते.

५/ फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते या योजनेचे उद्घाटन झाले. तीन साठे, एक हौद, एक वीजगृह. एका तलावात पाणी कमी पडले, तर दुसरा भार उचलतो. प्रत्येक तलावासाठी वेगळे वीजगृह बांधावे लागत नाही. सामायिक यंत्रणेचा हा खरा लाभ.

६/ दुसरी बाजूही पाहा. एखादे जनित्र दुरुस्तीला काढले, तरी बाकीची चालू राहतात. पण खंडाळ्याची वाटच अडली, तर तिन्ही तलाव तुडुंब असूनही निरुपयोगी! साठे विखुरलेले असले, तरी जोखीम एकाच जागी एकवटलेली असते.

७/ पुढचा विस्तार मात्र वेगळ्या वाटेने झाला. १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. त्याचा तलाव वेगळा (ठोकरवाडी), नळ वेगळे, कंपनीही वेगळी : आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय. खोपोली थांबली, तरी भिवपुरी चालू शकते. सामायिक राहिले ते व्यवस्थापन आणि मुंबईचे ग्राहक.

८/ तिसरी साखळी मुळशी-भिरा. येथे साठ्याची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न रणात उतरला. १९२१ साली मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट हे त्याचे नेते. १९२४ पर्यंत लढा मावळला, धरण झाले, जमिनी पाण्याखाली गेल्या. भिरा वीजगृह १९२७ साली सुरू झाले.

९/ तिन्ही कंपन्या २००० साली टाटा पॉवरमध्ये एकत्र आल्या. पण खरी सामायिकता कागदावर नव्हे, डोंगराखाली आहे. खोपोलीत वीज निर्माण करून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते, भिवपुरीचे उल्हासेत. रसायनीचे कारखाने पाताळगंगेवर, तर बदलापूर-कल्याण पट्ट्यातील शहरे उल्हासेवर विसंबून आहेत.

१०/ हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातले. सह्याद्री नसता फोडला, तर ते पूर्वेकडे पंढरपूर-सोलापूरच्या दिशेने गेले असते. म्हणूनच ते दुष्काळी भागाला परत द्यावे, अशी मागणी पुन्हा पुन्हा उठते. एका खोऱ्याचे नुकसान ते दुसऱ्या खोऱ्याचे जीवन झाले आहे.

११/ चौकजवळचेच मोरबे धरण याच्या उलट आहे : धावरी नदीवरचा एक साठा, मालक नवी मुंबई महानगरपालिका. तेथे हक्काचा हिशेब सोपा. खोपोलीच्या पाण्याचा तसा नाही. सामायिक यंत्रणेत बिघाडापेक्षाही अवघड असते ती वाटणी. यंत्र बदलता येते. शंभर वर्षांची सवय बदलताना मात्र कोणाच्या तरी घरचा नळ कोरडा पडतो.

पुढच्या वेळी त्या नळवाहिन्या दिसल्या, तर हे आठवा. (समाप्त)