पडल्यावर वाजणारी धून

तुम्ही म्हणाल, या वयात हिला व्हिडिओ गेमचं काय पडलंय! पण सुट्टीत भाच्यानं कॉम्प्युटरवर एक जुना खेळ लावला आणि म्हणाला, "मावशी, डोळे मिट, नुसतं ऐक."

तो होता १९८४ सालचा, अमेरिकेतल्या ॲक्टिव्हिजन कंपनीचा 'पिटफॉल २'. रचणारा डेव्हिड क्रेन. त्याच्याच १९८२ च्या पहिल्या 'पिटफॉल'चं नाव सगळे घेतात, या दुसऱ्याचं फारसं कुणी घेत नाही.

तेव्हाचं अटारी २६०० हे यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचं. त्याला एका वेळी दोनच आवाज काढता यायचे, आणि सूर मोजून बत्तीस, त्यातले कितीतरी बेसूर. अर्ध्या पट्ट्या बिघडलेली पेटी घेऊन भजनाला बसावं, तसलं. म्हणून बहुतेक खेळांत नुसतं ठक्-ठुक् नि फुस्स. क्रेननं काय केलं, तर खेळाच्या कार्ट्रिजमध्येच आपण आखलेली एक चिप बसवली. ती तीन सुरांची बेरीज करून द्यायची, आणि त्या बेरजेप्रमाणे एका आवाजाची पातळी सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा कमी-जास्त व्हायची. रेडिओचा आवाज लहान-मोठा करायचं बटण इतक्या वेगानं फिरवायचं, की त्या फिरवण्यातूनच गाणं निघावं! उरलेल्या दुसऱ्या आवाजावर ताल.

पण मला भावला तो त्या सुरांचा उपयोग. नायक हॅरी पेरूमधल्या गुहांत उतरतो. हातात शस्त्र नाही, वटवाघळं, विंचू यांना फक्त चुकवायचं. विंचू लागला तरी हॅरी मरत नाही. मागे जिथं लाल क्रॉसला पाय लागला होता तिथं परत जातो, गुण घटतात आणि मघाची उड्या मारणारी धून संथ, रडवेली होते. सोनं सापडलं की पुन्हा खुलते. फुगा धरून वर जाताना तर मेक्सिकोच्या हुवेंतिनो रोसासचा एकोणिसाव्या शतकातला वॉल्ट्झ वाजतो.

क्रेनला ही चिप पुढच्या खेळांतही वापरायची होती. पण १९८३ मध्येच अमेरिकेतला या खेळांचा बाजार कोसळला होता. खेळ आला तेव्हा गिऱ्हाईक पांगलेलं, आणि चिप या एकाच खेळात राहिली. त्यात खेळांचा इतिहास लिहिणारे चित्रांवर पानंच्या पानं लिहितात, कान कुणी देत नाही.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, परत एकदा पाड बघू त्याला. ती रडकी धून ऐकू दे."