फूटरमधले नाव आणि परवान्याची अट

भंडारा जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळाच्या तळाशी जिल्हा प्रशासनाचे आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे नाव दिसते. ती सूचना मजकुराची आणि उभारणीची. आतला कोड कोणाचा, हा प्रश्न वेगळा, आणि गल्लत इथेच होते. संकेतस्थळे बांधून देणाऱ्यांत समज रूढ आहे की मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले की फूटरमध्ये मूळ कर्त्याचे नाव ठेवावेच लागते. ते ठेवले की परवाना पाळला गेला. मला यातले दोन्ही भाग चुकीचे वाटतात.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या 1991 च्या दुसऱ्या आवृत्तीतले कलम 2(सी) म्हणते, की बदललेला प्रोग्राम वापरणाऱ्याकडून आज्ञा घेत चालत असेल, तर सुरू होताना त्याने कॉपीराइट सूचना दाखवावी. पीएचपी-न्यूक या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीच्या कर्त्याने फूटरसाठी याच कलमाचा आधार घेतला होता. पण त्याच परवान्याचे कलम 0 प्रोग्राम चालवण्यावर बंधन घालत नाही. आउटपुटही परवान्याखाली येते ते त्यातला मजकूरच प्रोग्रामवर आधारलेली कृती ठरत असेल तेव्हाच. तुमसरच्या एखाद्या तांदूळ व्यापाऱ्याचे दरपत्रक पाहणाऱ्याला पान मिळते, सर्व्हरवरच्या पीएचपीची प्रत नव्हे. पुढे 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत कलम 7(बी) आले. कर्त्याला नाव राखण्याची जादा अट त्याखाली घालता येते, आणि ती घातली असेल तर फूटरला हात लावू नये. नाव राखायला लावण्याचा हक्क मुळातच होता, तर वेगळी तरतूद कशाला लागली?

खरी कसूर घडते ती कोणी पाहत नाही तिथे. एमआयटी परवान्याला सूचना हवी ती सॉफ्टवेअरच्या प्रतींत. जावास्क्रिप्ट ब्राउझरकडे जाते तेव्हा प्रतच जाते. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची आटवलेली (मिनिफाय केलेली) फाइल उघडा: पहिल्याच ओळीत आवृत्ती, कॉपीराइट आणि परवान्याचा पत्ता. त्या टिप्पणीच्या आरंभी उद्गारचिन्ह असते, कारण अशी टिप्पणी गाळू नये असा आटवणाऱ्या साधनांचा संकेत आहे. तरी थोडे बाइट वाचवायला ती सर्रास उडवली जाते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्टही असाच. ओएफएल 1.1 या फॉन्टच्या परवान्याप्रमाणे त्याच्या प्रत्येक प्रतीसोबत कॉपीराइट सूचना आणि परवाना हवा. वेगळ्या मजकूर-फाइलीत किंवा फॉन्टच्या मेटाडेटात. अक्षरे छाटताना तो मेटाडेटा पुसला आणि फाइलही ठेवली नाही, तर फूटरमधले आभार कामाचे नाहीत.

जेकब्सन विरुद्ध कॅट्झर खटल्यात 2008 मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने अशा अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे मानले. तक्रार होती ती घेतलेल्या फाइलींतून नावे आणि सूचना गाळल्याची.

तेव्हा काम ग्राहकाच्या हवाली करण्याआधी ब्राउझरकडे जाणारी प्रत्येक फाइल उघडून तिची सुरुवात वाचा. सूचना गेली असेल तर परत घाला. सारा संच ग्राहकाला सोपवत असाल, तर तेही वितरणच. परवान्याची फाइल त्यातून काढू नका.