नांदेडची गादी

राजेशाही संपली असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आपण नांदेड जिल्ह्यातली तीन नावं एकाखाली एक लिहू : शंकरराव चव्हाण, अशोक चव्हाण, श्रीजया चव्हाण. बाप, लेक, नात. या घराण्याचा इतिहास वाचायचा तो कौतुकासाठी नाही. आपल्या मताचं या पन्नास वर्षांत काय झालं, ते त्यात दिसतं म्हणून वाचायचा.

शंकरराव मूळचे पैठणचे. त्यांना कुणाची गादी मिळालेली नव्हती. हैदराबाद मुक्तिलढ्यातून आले, नांदेडचे नगराध्यक्ष झाले, पाटबंधारे मंत्री म्हणून जायकवाडीसाठी झटले, १९७५ साली मुख्यमंत्री झाले. कडक माणूस, लोक ‘हेडमास्तर’ म्हणायचे. त्यांचं काम नाकारायचं कारण नाही. पण कालव्याचं पाणी जमिनीला मिळतं. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या वाट्याला खोदाईची मजुरी तेवढी आली.

आता सालं नीट बघा. १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातच टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना ठार मारलं. ठराव बासनात गेला. तेव्हाच्या पुलोद सरकारात शंकरराव मंत्री होते. १९८६ ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, दोन वर्षं खुर्चीवर राहिले. नामांतर झालं नाही.

ते मुंबईला आले म्हणून नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७ ची पोटनिवडणूक. काँग्रेसचा उमेदवार कोण, तर मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव अशोकराव, वय तिशीच्या आत. समोर प्रकाश आंबेडकर. आंबेडकर पडले. कुणी म्हणेल, तिकडं मुलगा तर इकडं नातू, घराणं दोन्हीकडं आहेच की! हा प्रश्न आपण टाळू नये. पण फरकही सांगावा. एका नावामागं सरकार होतं, सोसायट्या होत्या, शिक्षणसंस्था होत्या. पुढं साखर कारखानाही आला. दुसऱ्या नावामागं वस्तीतली माणसं होती, ज्यांना निवडणूक संपल्यावर त्याच मालकाच्या बांधावर कामाला जायचं होतं.

त्याच सुमारास ‘रिडल्स’चं प्रकरण झालं. बाबासाहेबांच्या ग्रंथातलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट गाळायचं शंकररावांच्या सरकारनं ठरवलं. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा कुठं सरकार नमलं.

१९८९ ला अशोकराव डॉ. व्यंकटेश काब्दे यांच्याकडून हरले. आपला कार्यकर्ता हरला की घरी बसतो, कर्ज फेडतो. गादीवाल्याला विधान परिषद असते, मग राज्यमंत्रिपद असतं. इकडं नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडलाच गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ झालं. ज्या नांदेडात माणूस जळाला, तिथल्या कॉलेजांच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव आलंच नाही.

अशोकराव पुढं महसूलमंत्री झाले. डिसेंबर २००८ ला मुख्यमंत्री. महाराष्ट्रात बापानंतर लेक त्याच खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच वेळ. नोव्हेंबर २०१० ला आदर्श सोसायटीच्या प्रकरणात खुर्ची गेली. खटल्याला राज्यपालांनी दिलेली मंजुरी २०१७ ला हायकोर्टानं रद्द केली. मधल्या काळात, २०१४ च्या मोदी लाटेतही, नांदेडची जागा त्यांनीच राखली.

मग २०१९. अशोकराव ४०,१४८ मतांनी पडले. वंचित बहुजन आघाडीच्या यशपाल भिंगे यांना १,६६,१९६ मतं मिळाली. लगेच बोंब उठली : मतं फोडली, भाजपची बी टीम! जणू ती मतं अशोकरावांच्या वाड्यात ठेवलेली होती आणि कुणीतरी चोरून नेली. बौद्ध, धनगर, मुसलमान अशा गावकुसाबाहेरच्या आणि गावकुसाकडेच्या माणसांचं मत हे जन्मतःच काँग्रेसचं, असं त्यांनी धरलेलं.

१३ फेब्रुवारी २०२४ ला अशोकराव स्वतः भाजपात गेले आणि राज्यसभेवर बसले. नोव्हेंबरात श्रीजया भोकरमधून भाजपच्या आमदार झाल्या. पक्ष बदलला, गादी बदलली नाही. ज्यांनी आपल्याला बी टीम म्हटलं, त्यांना आता विचारा ही टीम कोणती.

पण नुसतं विचारून भागणार नाही. त्याच २०२४ ला, अशोकराव भाजपात असूनही, नांदेडची लोकसभा भाजप हरली. म्हणजे गादी हलते. ती हलवण्यात आपलं मत कामी येतं, हे १९८७ पासून २०२४ पर्यंत दिसलं. पण हलल्यावर तिथं आपण बसत नाही, दुसरा कुणीतरी बसतो. कारण दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षं त्यांच्याकडं कारखाना आणि कॉलेज असतं. आपल्याकडं जयंतीची वर्गणी असते. गायरानाची नोंद, ग्रामपंचायत, सोसायटी, वसतिगृह ही कामं ज्या गावात आपल्या पोरांनी हातात घेतली, तिथं मत विकत घ्यायला येणारा बिचकतो. आपल्या तालुक्यात अशी किती गावं आहेत, ते मोजून पुढच्या बैठकीला या.